फेटा बांधलेला खंड्या

शनिवारी दुपारी पाटोद्याच्या स्टँडवर बसमधून उतरले आणि समोर माझंच तोंड. बैलगाडीच्या चाकाएवढं. गाल इतके गोरे केलेले की आधी वाटलं, कुणाच्या तरी लग्नातली नवरी आहे. मग खालचं नाव वाचलं, आणि ते माझंच.

फ्लेक्स होता. आमच्याकडं कुणी पोलीस भरतीत लागलं, कुणाचा वाढदिवस असला, कुणी कसल्या समितीवर गेलं की चौकात फ्लेक्स लागतो, त्यात नवल काही नाही. नवल हे की या फ्लेक्सवर मी होते, माझ्या खांद्याशी एक निळा खंड्या पक्षी बसला होता आणि त्या खंड्याच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला होता. तुरा काढलेला, शेमला मागं सोडलेला. खाली एका सॉफ्टवेअरचं नाव आणि ठळक अक्षरांत : ‘जगप्रसिद्ध सॉफ्टवेअरची निर्माती, आपल्या मातीची कन्या, हिचे हार्दिक अभिनंदन’. त्याच्या खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, आणि सगळ्यांच्या वर हात जोडून उभे असलेले एक पुढारी. मी त्यांना जन्मात कधी भेटले नव्हते.

फ्लेक्सची एक दोरी फळवाल्या चाचांच्या गाड्याला बांधली होती. चाचा सीताफळं रचता रचता हसले. “बेटी, गिऱ्हाईक इचारतंय, ही कोण? मी सांगतो, आमचीच पोरगी हाय. कॉम्प्युटर बनवलाय तिनं.”

“चाचा, मी कॉम्प्युटर नाही बनवला.”

“असू दे, असू दे. लाजायचं न्हाई एवढं.”

लाज वाटतच होती. पण चाचांना वाटली तसली नव्हे. पदर तोंडावर ओढून तरातरा निघाले ती थेट दादाच्या दुकानात. कारण असला फ्लेक्स अख्ख्या तालुक्यात एकच माणूस करू शकत होता, आणि तो माझा सख्खा भाऊ होता.

आता त्या खंड्याचं सांगते. सॉफ्टवेअरचं नाव मात्र इथं लिहिणार नाही, नावावरूनच तर सगळं रामायण झालं. चित्रं काढायचं, पत्रिका-पोस्टर सजवायचं सॉफ्टवेअर आहे. ओपन सोर्स. म्हणजे जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी बसून, पगार न घेता बांधलेलं. कुणीही फुकट घ्यावं, आत काय आहे ते उघडून बघावं, आपल्याला हवं तसं बदलावं, बदललेलं दुसऱ्याला द्यावं. निळा खंड्या हे त्याचं चिन्ह. मी बीडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि रिकाम्या वेळात त्या सॉफ्टवेअरमधले शब्द मराठीत आणायच्या कामात शिरले. तिथं आम्ही बरेच जण आहोत. मुख्य काम नाशिकच्या एका बाईंचं. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. मी आले तेव्हा त्यांचं बहुतेक काम होऊनही गेलं होतं. मी उरलंसुरलं केलं, बस्स. निर्माती म्हणे! डोंबलाची निर्माती.

पण एक गोष्ट पुरती माझी होती. त्या लोकांची नियमांची दोन पानं आहेत, नाव आणि चिन्ह कसं वापरावं याची. ती कुणी मराठीत करायला तयार होईना, कंटाळवाणं काम. मी केलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मी एकटीनं. त्यामुळं मला तो सगळा मजकूर तोंडपाठ होता. सॉफ्टवेअर घ्या, बदला, विका, काही म्हणणं नाही. पण आमचं नाव लावून आमच्यासारखं मिरवू नका. चिन्हाचा रंग बदलू नका, त्याला काही चिकटवू नका, त्याच्या भोवती मोकळी जागा सोडा. आणि जिथं आमच्याशी संबंध नाही तिथं संबंध आहे असं दाखवू नका.

मला आधी हे विचित्र वाटलं होतं. सगळं फुकट वाटणारी माणसं नावापाशी एवढी चिकट कशी? ताईंना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, कुणीतरी मोडकंतोडकं करून आमच्या नावानं लोकांना देतं, लोकांची कामं वाया जातात आणि शिव्या आम्हाला बसतात. बाकी सगळं आम्ही देऊन टाकलंय. नावाशिवाय आमच्यापाशी राहिलंय काय?” ते मला पटलं, आणि मग भाषांतर करताना हात भराभर चालला.

दादाचं दुकान स्टँडमागच्या गल्लीत. आमचं घर मेंढरांचं. आबा, म्हणजे आमचे वडील, अजून मेंढरं वळतात. दादानं शाळा सोडली ती आबांच्या मागं हिंडायला. मी सोडली नाही, कारण तो हिंडत होता. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, त्यानं तर नाहीच. पुढं त्याला फ्लेक्सचा नाद लागला, एका दुकानात शिकला, मग स्वतःचं टाकलं. कॉम्प्युटरवर चोरीचं सॉफ्टवेअर होतं, सगळ्यांचंच असतं. एकदा ते असं बिघडलं की ऐन लग्नसराईत दुकान बंद पडायची वेळ आली. तेव्हा मी हा खंड्या त्याच्या मशीनवर बसवला. पहिले काही दिवस त्यानं मला शिव्या घातल्या. “हे काय पाखरू आणून बसवलं गं? माजं जुनं बटनच सापडंना!” पण सगळं मराठीत होतं आणि दादाला मराठी वाचायला आवडतं. तो त्यात रमला. अडलं की काय करायचं तेही मी दाखवलं. त्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम आहे, म्हणजे गावच्या पारासारखी जागा. कुणीही यावं, अडचण सांगावी, कुणीतरी उत्तर देतं. त्यात मराठीचा वेगळा कोपरा आहे. दादाचं खातं मीच उघडून दिलं. खात्याला त्यानं नाव दिलं ‘मेंढका’.

तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, “हे माज्या बहिणीनं मराठीत केलंय.” खरं होतं, थोडंसं. मग काही महिन्यांनी ते ‘बहिणीनं केलंय’ झालं. मी दुकानात बसलेली असताना माझ्यासमोर तो म्हणायचा आणि समोरचा माणूस माझ्याकडं वळून बघायचा. मी काय करायचे? मोबाईलमध्ये बघत बसायचे. आतून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू. हरभऱ्याच्या झाडावर तो मला चढवत होता आणि मीही चढत होते.

तर त्या शनिवारी दुकानात शिरले आणि तोंड सोडलं. माझं तोंड वाईट आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

“दादा, तो फ्लेक्स कुणाला विचारून लावलास?”

तो खुर्चीतून उठलाच. तोंडभर हसू. “बगितलास? कसा झालाय? फेटा बगितलास का त्येचा? दोन दिस लागले मला तेवढ्या फेट्याला. एक एक घडी काढलीय.”

“काढ तो. आत्ता काढ.”

“कावून?”

मी सांगितलं. भराभरा, ओरडून, नियमाचं एकेक वाक्य त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. नाव वापरायला परवानगी लागते. चिन्हाला हात लावायचा नसतो. मी निर्माती नाही. आणि तो पुढारी कोण टिकोजीराव? फ्लेक्स करायला आलेली दोन माणसं दारात उभी राहून ऐकत होती.

दादाचं हसू हळूहळू गेलं. त्याला राग आला नाही, तो कोड्यात पडला. म्हणाला, “हे बघ. मेंढराच्या पाठीवर रंग टाकतो आपुन. कळप कळपात घुसला तर वळखू यावा म्हून. दुसऱ्याच्या मेंढराला आपला रंग लावला तर ती चोरी. येवढं मला बी कळतंय. पर बहिणीच्या मेंढराला भावाचा रंग लागला तर त्येला कोन चोरी म्हनतंय?”

“ती माझी मेंढरं नाहीत दादा!”

“तू राखलीस की.”

मी कपाळाला हात लावला. तो पुन्हा खुर्चीत बसला, माउस उगाच हलवत राहिला. मग त्या दोन माणसांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला, “दुनियाच्या पोरापोरींचे फ्लेक्स केले मी. ज्यांना क काढता येत न्हाई त्येंचे बी केले. घरचा एक न्हाई केला कधी. हा पयला हाय. बाजाराच्या दिसापर्यंत राहू दे. आबा बाजाराला येनार हायत. त्येंनी अजून बगितला न्हाई.”

मी राहू दिला. हे महत्त्वाचं आहे म्हणून सांगते. ‘ठीक आहे, बाजारापर्यंत’ असं मी माझ्या तोंडानं म्हणाले. जाताना स्टँडवर पुन्हा एकदा वर बघितलं. फेटा खरंच सुंदर झाला होता. प्रत्येक घडीला सावली होती.

बाजाराच्या आधीच व्हायचं ते झालं. कुणीतरी फोटो काढला, तो या मोबाईलमधून त्या मोबाईलमध्ये करत फोरमच्या मराठी कोपऱ्यात येऊन पडला. टाकणाऱ्यानं वर लिहिलं होतं, ‘आपला खंड्या बोहल्यावर!’ पुढं हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ. कुणीतरी लिहिलं, ‘निर्मातीबाईंना साष्टांग नमस्कार.’ कॉलेजात जेवणाच्या सुट्टीत मी ते वाचलं आणि हातातला घास हातातच राहिला. शेजारी बसलेल्या मॅडमनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, पित्त झालंय.

खरी पंचाईत वेगळीच होती. ताईंनी त्याच दिवसांत एक परवानगी मागितली होती. बीडला एक दिवसाचं शिबिर घ्यायचं. छपाईवाले, पत्रिकावाले, फ्लेक्सवाले, ज्यांच्याकडं चोरीचं सॉफ्टवेअर आहे त्यांना बोलावून हे शिकवायचं. आणि शिबिराला खंड्याचं नाव आणि चिन्ह लावायचं. परवानगी नाव-चिन्ह सांभाळणारी मंडळी देतात, ती दूर देशात बसलेली. त्यांच्यापर्यंत हा फोटो गेला. त्यांनी अगदी मऊ भाषेत ताईंना विचारलं, की जिथं शिबिर घ्यायचं म्हणता त्याच भागात हे आमच्या नावानं काय चाललं आहे? ताईंनी तो प्रश्न मराठीत करून फोरमवर टाकला, आणि खाली एकच ओळ माझ्यासाठी : ‘याबद्दल तूच सांगू शकशील.’

सगळ्यांसमोर. रागावल्या असत्या तरी परवडलं असतं.

मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसले आणि उत्तर लिहिलं. खरं काय लिहायचं होतं? माझ्या भावानं कौतुकानं लावला, त्याला नियम माहीत नव्हते, माहीत झाल्यावरही मीच राहू दिला, माफी असावी. एवढं साधं. पण डोळ्यांपुढं त्या हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ. भाऊ म्हटलं की लोक म्हणणार, म्हणजे हिनंच सांगून लावून घेतला. घरच्या घरी निर्माती! नियम मराठीत करणारी बाई आणि हिच्याच घरात खंड्याला फेटा! बोटं आपोआप चालली. जे लिहिलं ते असं :

‘सदर फलक एका स्थानिक फ्लेक्सवाल्याने माझ्या परस्पर लावला आहे. त्याचा माझ्याशी किंवा आपल्या समुदायाशी काहीही संबंध नाही. फलक काढण्यास सांगण्यात आले आहे.’

कशी सरकारी मराठी सुचते बघा माणसाला खोटं बोलताना.

ताईंनी लगेच आभार मानले. दूरच्या मंडळींनीही. कुणीतरी लिहिलं, ‘असले फ्लेक्सवाले सगळीकडेच असतात.’ त्या वाक्याला मी अंगठा दिला. हो, दिला. नंतर काढून घेतला, पण दिला होता.

पुढच्या शनिवारी पाटोद्याला उतरले तर चाचांच्या गाड्यावर नुसतं आभाळ. मला हायसं वाटलं. बाजार झाला, आबांनी बघितला, काढला; ठरल्याप्रमाणं झालं. चाचांना विचारलं, “आबा आले होते का बघायला?” चाचा म्हणाले, “कुठं? बाजाराच्या आधीच काढला की तुज्या भावानं. भर दुपारचा आला, शिडी लावली, कुणाशी बोलला न्हाई. मी म्हनलं, कावून काढतो बे? तर म्हनला, नियमात बसंना.”

घरी गेले. आईनं तो फ्लेक्स कडब्याच्या गंजीवर टाकला होता, वर दगड ठेवून. छापलेली बाजू खाली. दादा दुकानात होता. आबा पडवीत बसले होते, त्यांनी विचारलं, “तुजं काय चित्र लावलतं म्हनं गावात?” मी म्हटलं, “हो, काढलं.” ते म्हणाले, “बरं,” आणि तंबाखू मळत बसले. त्यांना बघायचं होतं का नव्हतं, मला कळलं नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही.

वहिनी भाकरी थापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “त्येंनी वाचलं.”

“काय वाचलं?”

“तुमचं ते. दुकानात बसून वाचलं. मला बी वाचून दावलं. मोबाईल घरी आणला आन् चुलीपाशी बसून वाचून दावलं.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “लई बार वाचलं.”

मेंढका! विसरलेच होते मी. तो रोज त्या मराठी कोपऱ्यात जात होता, फोटोची कडा कशी कापायची, अक्षराला सावली कशी द्यायची विचारायला. खातं मी उघडून दिलं होतं. वाचायला शब्द मी मराठीत करून दिले होते. भाऊ वाचतो म्हणून मला कोण कौतुक होतं! आणि त्यानं वाचलं ते हे.

दादा रात्री जेवायला आला, जेवला, मेंढरांना बघून आला, झोपला. मी त्याच्यासमोर होते. बोलायला तोंड उघडायचे आणि पाणी प्यायचे. एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. तेव्हा कुठं गेली होती मेली? सकाळी पहिल्या गाडीनं बीडला पळाले.

नंतर कितीदा तरी फोरम उघडून ते उत्तर बदलायला बसले. ‘तो माझा भाऊ आहे’ एवढं लिहायचं आणि पुसायचं. कारण शिबिराची परवानगी आली होती. आता खरं सांगितलं तर ती जाणार, ताई तोंडघशी पडणार, असं मी स्वतःला सांगत होते. ताईंच्या नावावर मी माझी भीती खपवत होते, दुसरं काही नाही.

शिबिर जवळ आलं तसं ताईंनी विचारलं, “बीडमध्ये फलक कोण करून देईल गं? चांगला हवा.” मी दादाला फोन केला. का केला? वाटलं, काम दिलं की बोलणं सुरू होईल. काम देऊन माफी मागणार होते मी, तोंडानं मागायची नव्हती. ताईंना एवढंच म्हटलं की पाटोद्याचे एकजण आहेत, चांगलं काम करतात. दादानं फोन उचलला. माझं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बरं. तुमचा खंड्या पाठवा. मूळ फाईल पाठवा, फोटो नको.”

तुमचा. पाठवा. लहानपणी मला खांद्यावर घेऊन हिंडलेला माणूस, तो मला गिऱ्हाइकासारखं बोलत होता. मी म्हटलं, “दादा, मला तुमी कावून म्हणतोस?” तो म्हणाला, “रेंज न्हाई हितं,” आणि ठेवला.

त्यानंतर त्याचे निरोप यायचे. खंड्याच्या चारी बाजूला जागा सोडायची म्हंजी किती? त्याच्या चोचीएवढी, असं तुमच्या पानात लिव्हलंय, ती चोच उघडी धरायची का मिटलेली? निळा कुठला? मागं पिवळं चालंल का पांढरंच पायजे? शिबिराचं नाव खंड्याच्या नावापेक्षा बारीक का मोठं? मी भाषांतर करताना ज्या ओळींवरून जांभया देत गेले होते, त्या तो एकेक करून विचारत होता. मी उत्तरं देत होते. दोघांच्यामध्ये तेवढंच बोलणं उरलं होतं.

शिबिराच्या सकाळी बीडच्या त्या हॉलमध्ये पोचले तेव्हा दादा स्टुलावर उभा राहून फलक बांधत होता. ताई आदल्या दिवशीच नाशिकहून आलेल्या. मी त्यांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते, बारीकशा, पांढरे केस, पायात कापडी बूट. त्या फलकाकडं बघत उभ्या होत्या. मीही बघितलं. पांढऱ्या फलकावर मधोमध निळा खंड्या. डोकं उघडं. चहूबाजूंनी मोकळी जागा. खाली शिबिराचं नाव, तारीख. ना मुंडकी, ना पुढारी, ना हार्दिक. फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत करणाऱ्याच्या दुकानाचं नाव आणि नंबर असतो, तो कोणताच फ्लेक्सवाला सोडत नाही. तेवढीच तर त्याची जाहिरात. तो कोपराही कोरा होता.

“अगं, इतका नियमात बसणारा फलक मी नाशकात नाही बघितला,” ताई मला म्हणाल्या. मग मान वर करून दादाला, “तुम्ही आमचे नियम वाचलेत वाटतं?”

“व्हय. मराठीत हायत ना,” दादा वरून म्हणाला. “चांगलं मराठी हाय.”

“मग दुकानाचं नाव का नाही घातलंत?”

“संबंध नसंल तिथं संबंध दाखवायचा न्हाई, असं हाय त्यात.”

ताई हसल्या. मला हसता आलं नाही. त्या माझ्याकडं वळल्या, साध्या कौतुकानं, मनात काही नसताना. “पाटोद्याचे म्हणजे तुझ्याच गावचे. ओळखीचे आहेत का गं?”

दादा स्टुलावरच होता. दोरीचं टोक दातात धरलेलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. मला वाटलं होतं राग असेल, टोमणा असेल. इतके दिवस मी त्या रागाची वाट बघत होते, म्हणजे मलाही भांडता आलं असतं. तसलं काही नव्हतं. तो फक्त बघत होता, मी काय सांगते ते. आणि मी, अख्ख्या घरात तोंडाळ म्हणून नाव असलेली मी, थांबले. एक श्वास थांबले. त्या एका श्वासात मला ते जुनं उत्तर आठवलं, अंगठा आठवला, ताई आता काय म्हणतील ते मनात आलं.

दादानं दातातली दोरी काढली.

“न्हाई जी,” तो ताईंना म्हणाला, अगदी आदबीनं. “आमची वळख न्हाई. मी आपला एक स्थानिक फ्लेक्सवाला.”

तेव्हा मला कळलं. तो मला टोचत नव्हता. तो मला सांभाळत होता. मी फोरमवर जे लिहिलं होतं ते खोटं पडू नये, चार लोकांत मला खाली बघायला लागू नये म्हणून त्यानं दुकानाचं नाव काढलं होतं, म्हणून तो मला तुमी म्हणत होता. बहीण एक बोलली आहे ना, मग आपण तेच बोलायचं. लाजेनं मी जागच्या जागी मेले.

“ताई,” मी म्हटलं. आवाज एवढा मोठा निघाला की खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. “ह्यो माझा भाऊ हाय. सख्खा. तो फेट्याचा फ्लेक्स बी ह्यानंच केलता. मला ठावं होतं. मीच राहू दिलता. मी लिव्हलं ते खोटं हाय.” ताईंशी मी कधी घरच्या बोलीत बोलले नव्हते. दुसरी तोंडात आलीच नाही.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, “हे फोरमवर लिही. आज. तुझ्या नावानं.” आणि चष्मा पुसत दाराकडं गेल्या.

दादा स्टुलावरून उतरला तो माझ्यावर धावूनच आला. “येडी का काय तू? कावून बोललीस गं? निभावलं असतं की! मी सांगितलतं ना त्येंना!”

मी रडत होते आणि त्याच्या तोंडचा ‘तू’ ऐकत होते. शिबिर पार पडलं, आणि फोरमवर त्याच दिवशी लिहिलं, नावानिशी. कोणी काय म्हटलं ते सांगण्यासारखं नाही; काहीजण बोलले ते माझ्या लायकीचंच होतं. ताई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. दादा मात्र पूर्वीसारखा बोलतो, शिव्या घालतो, अडलं की फोन करतो. तो विसरला असं आई म्हणते.

मी बोलले, हे खरं आहे. पण त्यानं मला ओळखत नाही म्हटल्यावर बोलले. त्याच्या आधी बोलायचं होतं.